चाकाचा कल

‘कल’ हा शब्द आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांच्या मागे हात धुऊन लागलेला आहे. दहावीचा निकाल लागला की पाहुणे विचारतात, “मुलाचा कल कुठे आहे?” आणि मुलाने ‘कला शाखा’ असे उत्तर दिले की त्यांचा चेहरा पडतो. या लेखात मी ज्या कलाविषयी लिहिणार आहे तो मात्र माणसाचा नाही. मोटारीच्या पुढच्या चाकाचा आहे. इंग्रजीत त्याला कॅम्बर म्हणतात. ‘वाकडे, वळलेले’ अशा अर्थाच्या एका लॅटिन शब्दापासून फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. आपल्याकडे ‘कल’ हा शब्द आयताच तयार असल्याने मी तोच वापरणार आहे.

कला महाविद्यालयाच्या वार्षिकात मोटारीचे चाक कशाला, असा प्रश्न काही प्राध्यापकांना पडेल. माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. वेगाच्या गाडीचा पुढच्या चाकांचा कल घरी मोजता येतो आणि मर्यादेत राहून बदलताही येतो. पण तो नजरेने ठरवू नये, आणि यंत्राने छापून दिलेल्या कागदावर डोळे मिटून सोपवूही नये. मोजून, समजून मगच हात लावावा. ही मोजण्याची विद्या आपल्यापैकी अनेकांच्या घरात आहे. आपण शिकलो म्हणून ती विसरू लागलो आहोत, एवढेच.

प्रथम कल म्हणजे काय ते पाहू. गाडीच्या समोर उभे राहून पुढच्या चाकांकडे पाहा. चाक अगदी उभे असेल तर कल शून्य. चाकाचा माथा बाहेर झुकला असेल तर कल धन, आणि माथा आत, इंजिनाकडे झुकला असेल तर कल ऋण. साध्या घरगुती गाड्यांत हा कोन बहुधा शून्याच्या आसपास, अर्धा-एक अंश इकडेतिकडे असतो. डोळ्यांना तो दिसतसुद्धा नाही. डांबरी धावपट्टीवर शर्यतीसाठी तयार केलेल्या गाड्यांत मात्र दोन-तीन अंश ऋण कल मुद्दाम ठेवतात.

मुद्दाम का? गाडी वेगाने उजवीकडे वळली की तिचे अंग डावीकडे झुकते. एस.टी.त उभ्याने प्रवास केलेल्या कोणालाही हे समजावून सांगायला नको. अंगाबरोबर बाहेरच्या बाजूचे, म्हणजे डावीकडचे चाकही बाहेर कलते आणि टायर आपल्या बाहेरच्या कडेवर उभा राहतो. जमिनीला टायरचा जो तळवा टेकलेला असतो तो फार तर माणसाच्या पंजाएवढा. त्यातलाही निम्मा उचलला गेला तर पकड कशी राहणार? समजा, वळणावर गाडी तीन अंश झुकली आणि चाकाच्या जोडणीने त्यातला एकच अंश भरून काढला. मग चाक दोन अंश बाहेर कलले. तेच चाक आधीपासून दोन अंश आत ठेवलेले असते, तर ऐन वळणावर टायर सपाट टेकला असता. ऋण कलाचे सारे मर्म एवढेच आहे.

हा प्रश्न आज इतक्या गाड्यांना लागू पडतो, याचे कारण त्यांच्या पुढच्या चाकांची रचना. अर्ल मॅक्फर्सन या अमेरिकन अभियंत्याने शॉकअप, स्प्रिंग आणि चाकाचा आधार यांना एकाच उभ्या खांबात बसवले. १९५० साली लंडनच्या मोटार प्रदर्शनात मांडलेल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांत ही रचना होती, आणि आज बहुसंख्य छोट्या गाड्या तीच वापरतात. रचना स्वस्त, हलकी आणि आटोपशीर. पण गाडी झुकली असता चाकाला सरळ ठेवण्यात ती थोडी कमी पडते. म्हणून वेगाने वळणे घेणाऱ्याला सुरुवातीलाच थोडा कल उसना द्यावा लागतो.

वेगाची गाडी म्हटले की परदेशी, लाल रंगाची, करोडोंची गाडी डोळ्यांपुढे येते. आपल्याकडची खरी परिस्थिती निराळी आहे. २००५ साली मारुती स्विफ्ट बाजारात आली, आणि जुनी स्विफ्ट विकत घेऊन, तिचे स्प्रिंग, टायर बदलून रॅलीत किंवा मोकळ्या मैदानावरच्या ऑटोक्रॉसमध्ये उतरणारी पोरे आज तालुक्याच्या गावीही आढळतात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असलेल्या दादाची गाडी अशीच आहे. तिच्या पुढच्या चाकाची जोडणी साधी: खांबाच्या खालच्या टोकाला चाकाचा नकल दोन बोल्टांनी आवळलेला. कारखान्याने कल बदलण्याची सोय ठेवलेली नाही. तरीही तो बदलला जातो. कसा बदलला जातो आणि कोणाच्या भरवशावर, हाच खरा वादाचा मुद्दा.

एक पंथ दिखाऊपणाचा. जपानात चाके इतकी आत झुकवण्याची एक टूम आहे की तिला ‘राक्षसी कल’ अशा अर्थाचे नावच पडले आहे. मोबाइलवर ती चित्रे पाहून आपल्याकडेही काही जण गाडी जमिनीला टेकवतात आणि चाके तिरकी करतात. वेगाशी याचा संबंध काय? शून्य. सात-आठ अंश कललेला टायर सरळ रस्त्यावर केवळ आतल्या कडेवर धावतो. ब्रेक मारण्यासाठी सपाट तळवा हवा, तोच हरवतो. पावसाळ्यात तर विचारू नका. टायर आतून खाल्ला जातो, आणि ती कड गाडीखाली वाकल्याशिवाय दिसत नाही. उथळ पाण्याला खळखळाट फार! गाडी स्वतःची असेल, पण रस्ता सर्वांचा आहे. त्या गाडीच्या पुढे सायकलवर शाळेत जाणारी मुलगी असते, हे विसरून कसे चालेल?

दुसरा पंथ कागदावर विश्वासणाऱ्यांचा. तो दिसायला सभ्य, म्हणून त्याच्याविषयी अधिक बोलले पाहिजे. गाडी संगणकाच्या यंत्रावर चढवतात, चाकांना आरसे लावतात आणि पाच-दहा मिनिटांत रंगीत कागद हाती येतो. आकडा हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे बेठीक. यंत्र उत्तम आहे, त्याची निंदा मला करायची नाही. पण हिरव्याचा अर्थ काय? कारखान्याने जेवढी सूट दिली आहे तेवढ्यात आकडा बसतो, एवढाच. सूट दोन्ही बाजूंना एकेक अंशाची असेल, तर डावे चाक अर्धा अंश धन आणि उजवे अर्धा अंश ऋण असतानाही दोन्ही आकडे हिरवेच येतील. गाडी मात्र डावीकडे ओढेल, कारण ज्या चाकाचा कल अधिक धन असतो त्या बाजूला गाडी ओढते. आणि तक्रार केल्यास बहुतेक ठिकाणी उत्तर मिळते, “या गाडीचा कॅम्बर सेट होत नाही.” एका अर्थाने ते खरेही आहे. पण आपल्या गाडीचा कल किती, डाव्या-उजव्यात फरक किती, हे मालकाला ठाऊक नसावे आणि ते जाणण्याची त्याला गरजही वाटू नये, ही गोष्ट मला बरी वाटत नाही.

आता माझ्या बाजूचा पुरावा. माझे वडील गवंडी आहेत. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांच्या पिशवीत ओळंबा, पाणसळ, गुण्या, लाइनदोरी आणि पाणी भरलेली पारदर्शक नळी असते. चाकाचा कल मोजायला याहून वेगळे काही लागत नाही, हे दादाच्या गॅरेजमध्ये मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. दादाने भीत भीत विचारले होते, “अण्णा, भिंत आणि चाक यात फरक आहे ना?” अण्णा म्हणाले, “अरे, ओळंब्याला काय ठाऊक, समोर भिंत आहे का चाक?”

काम असे चालते. आधी जमीन. गाडीची चारही चाके एका पातळीत आहेत की नाहीत ते पाण्याच्या नळीने पाहायचे. नळीच्या दोन्ही टोकांतले पाणी कधीच पक्षपात करत नाही. दोन पुढच्या चाकांत सुमारे दीड मीटर अंतर असते. तेवढ्यात जमीन एक सेंटिमीटर उतरती असली, तर सगळ्या मापात जवळजवळ ०.४ अंशाची लबाडी शिरते. म्हणून ज्या चाकाखाली जमीन खाली असेल तिथे फरशीचा किंवा प्लायचा तुकडा ठेवून पातळी साधायची. टायरांतली हवा मोजून सारखी करायची. स्टिअरिंग सरळ. चालवणाऱ्याच्या आसनावर त्याच्या वजनाइतका भार ठेवायचा. सिमेंटचे पोते ५० किलोचे असते, उरलेले वजन विटांनी भरून काढता येते. मग गाडी दोन-चार वेळा दाबून सोडायची, म्हणजे स्प्रिंग आपल्या जागी येते.

यानंतर चाकाच्या बाहेर, टायरच्या फुगाऱ्याला दोरा टेकणार नाही अशा बेताने ओळंबा सोडायचा. दोऱ्यापासून रिमच्या वरच्या काठापर्यंतचे अंतर मोजायचे, मग खालच्या काठापर्यंतचे. वरचे अंतर जास्त असेल तर माथा आत आहे, म्हणजे कल ऋण. किती ऋण? इथे दहावीचे गणित कामाला येते. एक अंशाचे टॅन ०.०१७५. पंधरा इंची चाकाच्या रिमचे वरचे आणि खालचे काठ सुमारे ४०० मि.मी. अंतरावर धरले, तर ४०० गुणिले ०.०१७५ बरोबर ७ मि.मी. म्हणजे वर-खालच्या अंतरात ७ मि.मी.चा फरक असेल तर कल एक अंश. १४ असेल तर दोन. पट्टीवर एक मिलिमीटर इकडेतिकडे वाचला गेला, तरी चूक एक सप्तमांश अंशाची. रिम कुठे वाकलेली असेल तर तीही फसवते. म्हणून गाडी अर्धा फेरा पुढे ढकलून पुन्हा मोजायचे आणि दोन्ही मापांची सरासरी घ्यायची. ‘टॅन थीटा पुढे आयुष्यात कुठे लागतो?’ असे विचारत आपण सर्वांनी दहावी काढली. घ्या, इथे लागतो.

मोजणे निर्धोक आहे. बदलणे तसे नाही, आणि या दोहोंत गल्लत करू नये. नकलच्या दोन बोल्टांपैकी एकाच्या जागी विलक्षण घडणीचा, म्हणजे मधोमध एका बाजूला फुगीर असलेला बोल्ट घातला आणि तो फिरवला, की नकल थोडा कलतो. त्याने साधारण एक ते दीड अंश मिळतो. काही जण बोल्ट न आणता भोकच कानशीने लांबट करतात. रस्त्यावरच्या गाडीत हे मला मुळीच मान्य नाही. तिथे चाक आपल्या जागी राहते ते बोल्टाच्या आवळण्यामुळे. भोक लांबवल्यावर अडवणारे काही उरत नाही, आणि खड्ड्यात आपटल्यावर चाक कोणत्या क्षणी सरकेल ते सांगता येत नाही. बोल्ट घातला तरी आवळणी अंदाजाने चालत नाही. त्या मॉडेलच्या दुरुस्ती पुस्तकात आणि बोल्टाच्या कागदावर दिलेल्या आकड्याला, टॉर्क रेंचनेच ती झाली पाहिजे. गाडी केवळ जॅकवर ठेवून खाली हात घालायचा नाही, लोखंडी घोड्या लावायच्याच. टायरचा माथा आत येतो तसा तो खांबाच्या जवळ जातो. मधे बोट जाईल इतकी फट राहिलीच पाहिजे. काम झाल्यावर गाडी पुढे-मागे ढकलून चाके बसू द्यायची, पुन्हा मोजायचे, आणि थोडे चालवून आवळणी पुन्हा तपासायची. ज्याच्याकडे घोड्या आणि टॉर्क रेंच नाही, त्याने माप वहीत लिहून माहीतगार माणसाकडे जावे. त्यात कमीपणा कसला?

आणखी एक गोष्ट नवशिक्यांच्या ध्यानात येत नाही. कल बदलला की टो बदलतो. टो म्हणजे वरून पाहिले असता चाकांची तोंडे आत किंवा बाहेर वळलेली असणे. कोणत्या दिशेने आणि किती बदलेल, हे टाय रॉड चाकाच्या मध्याच्या पुढे आहे की मागे आणि किती उंचीवर, यावर ठरते. पण बदल होतो, हे नक्की. टायर खाण्यात टो कलाहूनही वाईट. ४०० मि.मी.च्या रुंदीत एखादे चाक तीन मि.मी. वाकडे असेल, तर दर किलोमीटरला ते साडेसात मीटर आडवे जाऊ पाहते. जाऊ शकत नाही म्हणून घासते. यालाही उपाय गवंड्याचाच: गाडीच्या दोन्ही अंगांना समांतर लाइनदोरी ताणायची आणि रिमच्या पुढच्या व मागच्या काठापासून दोरीपर्यंतचे अंतर मोजून टाय रॉड दोन्हीकडे सारखा फिरवायचा. एका खोलीचा कोपरा काटकोनात नसला की समोरचा कोपराही बिघडतो, असे अण्णा सांगतात. जगात कुठलीच वस्तू एकटी हलत नाही, हे तत्त्वज्ञानाच्या तासाला आपण ऐकतोच की!

आता प्रश्न उरतो तो असा: किती कल योग्य? इथे मी आकडा सांगणार नाही, कारण तो सांगण्याचा अधिकार टायरचा आहे. शर्यतीच्या मैदानावर जुन्या माणसांची एक युक्ती आहे आणि तिला लागतो आपल्या वर्गातला खडू. टायरच्या नक्षीच्या कडेपासून बाजूच्या भिंतीपर्यंत खडूची रेघ ओढायची आणि दोन-तीन फेऱ्या मारून यायचे. रेघ बाजूच्या भिंतीवरूनही पुसली गेली असेल, तर टायर वळणावर कडेवर लोळतो आहे. कल किंवा हवा कमी आहे. नक्षीच्या कडेवरची रेघसुद्धा शाबूत असेल, तर कल जास्त झाला. ज्यांच्याकडे साधन आहे ते गाडी थांबताक्षणी टायरच्या आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या भागाचे तापमान घेतात. आतली कड बाहेरच्या कडेहून फार तापलेली असेल, तर कल कमी करावा. मातीच्या मैदानावर डांबराइतका कल उपयोगी पडत नाही. एकच आकडा सर्वांना सांगणारा माणूस शहाणा नव्हे.

माझ्या मतावर आक्षेप येतील. पहिला असा की, अशा कामाची माहिती दिल्याने अर्धवट पोरे गाड्यांशी खेळू लागतील. मला उलटे वाटते. अर्धवट पोरे आजही खेळतच आहेत आणि ती मोजत नाहीत. ज्याने दोऱ्यापासून रिमपर्यंतचे अंतर तीनदा मोजले, तो पाना उचलण्याआधी विचार करतो. मैदानासाठी ठेवलेला कल मैदानापुरता असावा. रोजच्या रस्त्यावर कारखान्याने सांगितलेल्या मर्यादेत परत यावे, आणि वहीत आधीचे माप असल्याखेरीज परत येता येत नाही. दुसरा आक्षेप असा की, हे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचे काम, कलावाल्यांनी यात पडू नये. पण प्रमाण, पुरावा आणि शंका या गोष्टी कोणत्या शाखेच्या? इतिहासाच्या तासाला साधनांची चिकित्सा शिकवतात: एका कागदावर विसंबू नका, दुसऱ्या साधनाशी ताडून पाहा. मग यंत्राचा हिरवा कागद ओळंब्याशी ताडून पाहणे ही चिकित्साच नव्हे काय?

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिला. या गोष्टीचा अण्णांना अभिमान आहे, पण त्याबरोबर एक संकोचही आला आहे. पूर्वी ते मला भिंतीचा ओळंबा कसा पाहावा ते सांगत, आता म्हणतात, “तू शिकलेला आहेस, तुला काय सांगायचे?” हे वाक्य मला टोचते. पुस्तकात टॅन थीटा आहे, त्यांच्या हातात ओळंबा आहे, आणि चाकाचा कल कळायला दोन्ही लागतात. त्यांच्या हाताची अक्कल आणि माझे गणित एकाच चाकाशी भेटले, तेव्हा कोण शिकलेला आणि कोण अडाणी, हा हिशेब मला तरी मांडता आला नाही. आपल्या वर्गात गवंडी, सुतार, फिटर, ड्रायव्हर यांची कितीतरी मुले आहेत. फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहिताना आपण अक्षर बारीक काढतो. हे थांबले पाहिजे.

म्हणून प्राध्यापकांना एक सूचना करावीशी वाटते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, भाषणे ऐकतो. त्यातला एक दिवस मोजण्याला द्यावा. कोणा विद्यार्थ्याच्या गवंडी वडिलांना पाहुणे म्हणून रीतसर बोलवावे, शाल-नारळ द्यावा, आणि महाविद्यालयाच्या आवारात उभी असलेली एखादी गाडी त्यांच्या ओळंब्यापुढे आणावी. चाक उघडायचे नाही, बोल्टाला हात लावायचा नाही. केवळ मोजायचे, वहीत लिहायचे, आणि डाव्या-उजव्याचा फरक फळ्यावर मांडायचा. खर्च शून्य. दोरा आम्ही आणू, खडू महाविद्यालयाचा.

(द्वितीय वर्ष, कला)